मदत हवी आहे: पॉश सरांची गट बदलण्याची पद्धत आठवीच्या वर्गात

नमस्कार मंडळी. कर्करोगाने आजारी असलेले संगणकशास्त्राचे प्राध्यापक रँडी पॉश यांचं 18 सप्टेंबर 2007 चं कार्नेगी मेलन विद्यापीठातलं निरोपाचं व्याख्यान जिद्दीसाठी सांगितलं जातं. मला त्यातली शिकवण्याची रीत जास्त मोलाची वाटते: चौघांचा गट, दोन आठवड्यांचा प्रकल्प, सत्रात पाच प्रकल्प, दर वेळी नवे सोबती आणि सोबत्यांकडूनच अभिप्राय.

आठवीच्या विज्ञानात हे करायचंय. 60 मुलं, 15 गट. अडचण अभिप्रायाची: नावानिशी घेतला तर मैत्री बोलते, निनावी घेतला तर राग निघतो. म्हणून ‘साहित्य वेळेवर आणलं का?’, ‘दुसऱ्याचं ऐकून घेतलं का?’ असे ठोस प्रश्नच ठेवायचा विचार आहे. कुणाकडे वापरलेला नमुना आहे का? आणि निकाल मुलाला एकट्यालाच दाखवावा की पालकांनाही?