एकतर्फी प्रेमात तुम्ही काय काय शेण खाल्लंय?

टेकडीवरचा:
मंडळी, धागा हलकाफुलका आहे, उगाच सिरियस होऊ नका. झालं असं की माझा भाचा, वय १९, बारावी बोर्डाच्या पेपरला ज्याला ताईने ओल्या पंचाने उठवलं होतं, तो गेले तीन आठवडे पहाटे साडेपाचला स्वतःहून उठून बागेतल्या ट्रॅकवर पळायला जातोय. ताईला वाटतंय पोरगं सुधारलं, तिने बदाम भिजत घालायला सुरुवात केलीये. परवा मुक्कामाला होतो म्हणून मीपण गेलो त्याच्याबरोबर, तर तिथे सगळी दुनिया एका दिशेने चाललीये आणि हे ध्यान उलटं पळतंय. पहिल्या राउंडला कळेना, दुसऱ्या राउंडला ट्यूब पेटली. एक मुलगी तिच्या आजीबरोबर चालत असते, आजीच्या स्पीडने. सुलट पळाला तर हा मागून येणार आणि पुढे निघून जाणार, तिला याची पाठ दिसणार फक्त. उलटा पळाला की दरवेळी समोरासमोर, आणि भेटीही जास्त. रिलेटिव्ह व्हेलॉसिटी बारावीत याच्या डोक्यावरून गेली होती, फिजिक्सचे मार्क आठवतायत मला, पण इथे प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी. ती जवळ आली की साहेब पोट आत घेतात, श्वास रोखून धरतात आणि वीस पावलं पुढे गेल्यावर कठडा धरून खोकत उभे राहतात.

हसणार कुठल्या तोंडाने पण? मी स्वतः १९९५ साली, अकरावीत, टेलिफोन डिरेक्टरी घेऊन बसलो होतो. तेव्हा पुण्याचे नंबर सहा आकडी. तिचं आडनाव माहीत, पेठ माहीत, वडिलांचं नाव माहीत नाही. त्या आडनावाची त्या पेठेत ३१ घरं निघाली. वाण्याकडून एकेक रुपयाची नाणी करून आणली आणि गल्लीबाहेरच्या पीसीओवर रोज चार-पाच नंबर लावायचो, कोणी काका आला की राँग नंबर. सतराव्या नंबरला तिचाच आवाज, "हॅलो". आणि माझ्या तोंडून काय निघालं तर "तुमच्याकडे गॅसचा सिलिंडर आला का हो?" ती म्हणाली नाही ना, नंबर लावून पंधरा दिवस झाले. मी म्हटलं उद्या येईल. आणि ठेवला!! नंतर दोनेक महिने अधूनमधून फोन लावायचो आणि आवाज ऐकून ठेवून द्यायचो, बोलायची हिंमत काय झाली नाही.

तर येऊ द्या तुमचे किस्से. यशस्वी प्रेमवाल्यांनी दुसरा धागा काढावा.

जीटी_मास्टर:
मी पयला. इंजिनिअरिंग फर्स्ट इयर, १९९९, ग्राफिक्सच्या शीट्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प, दुसऱ्याची झालेली शीट खाली, आपली कोरी वर, आणि गिरवत बसायचं रात्रभर. अख्खं होस्टेल माझी शीट जीटी मारायचं कारण मी इमानदारीत ड्राफ्टर लावून स्वतः काढणारा. तर आमच्या बॅचची एक जण, तिला म्हटलं तू कशाला त्रास घेतेस, मी काढून देतो. आणि जीटी नाही हां, तिची शीटसुद्धा मी ओरिजिनल काढायचो, टू एच पेन्सिलला दर दहा मिनिटांनी टोक करून. तिचं लेटरिंग माझ्यापेक्षा वेगळं, आठचा आकडा ती दोन गोल एकावर एक ठेवून काढायची, मी तो शिकलो, वहीची चार पानं आठ गिरवले.

सबमिशनला सरांनी तीन शीट्स टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या. माझी, तिची आणि डी डिव्हिजनच्या एका पोराची. एका व्ह्यूमध्ये एका भोकाची हिडन लाइन मी विसरलो होतो, ती तिन्हीत नव्हती. माझी आणि तिची ठीक आहे, दोन्ही माझीच पापं, पण डीवाल्याकडे कशी आली? आणि त्याच्या शीटवर आठचे आकडे दोन गोलवाले!! म्हणजे मी काढायचो तिच्यासाठी आणि ती रात्री जीटी मारायला द्यायची त्याला. रूममेट म्हणाला तुला माहीत नाही का, ते अकरावीपासूनचं आहे, सगळ्या कॉलेजला माहितीये.

पुढच्या चार शीट्स पण मीच काढल्या. शब्द दिला होता ना. टर्मवर्कला पन्नासपैकी मला ३१, तिला ४२, त्याला ४३.

बिनपाटीचा_डॉक्टर:
याला शास्त्रीय बाजू आहे बरं का. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनॉव्ह यांनी १९७९ मध्ये या अवस्थेसाठी लिमरन्स असा शब्दच वापरात आणला, म्हणजे डोक्यात सतत तेच, आणि समोरच्याच्या बारीकसारीक हालचालीत काहीतरी इशारा शोधणं. १९९९ ला इटलीत पिसाच्या संशोधकांनी नव्याने प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं, तर सेरोटोनिनशी संबंधित एक प्रोटीन ओसीडीच्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हापुन्हा होत राहणारा मानसिक आजार) पेशंटमध्ये जसं कमी सापडतं तसंच यांच्यातही कमी सापडलं. २० म्हणजे अगदीच छोटा सॅम्पल, पण त्यांना २००० सालचं इग नोबेल मिळालं त्यावर. इग हां, खरं नोबेल नाही, ते आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

जीटी_मास्टर:
डॉक, रक्त इटलीचं नको, तुमचं काढा.

बिनपाटीचा_डॉक्टर:
काढलंच होतं. सेकंड एमबीबीएसला असताना ती एनएसएसमधून रक्तदान शिबिरात फॉर्म भरून घ्यायला बसायची. पुरुषाने दोन रक्तदानांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायला लागतं हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहून आलो होतो. तरी पाच आठवड्यांत दुसऱ्यांदा गेलो आणि फॉर्मवर आधीचं लपवलं. उठताना चक्कर येऊन बिस्किटांच्या टेबलावर आडवा. तिने पाय वर धरले माझे, मोज्याला भोक होतं. बास.

सायबरकॅफे_पंधरारुपये:
ऑर्कुट नावाची सोशल साइट होती, तिच्यावर आपण कुणाचं प्रोफाइल बघितलं की त्या माणसाला रिसेंट व्हिजिटर्समध्ये आपलं नाव दिसायचं, हे मला तब्बल पाच महिन्यांनी कळलं. पाच महिने. रोज. जास्त लिहवत नाही.

लोकलवाली:
फक्त मुलंच शेण खातात असं नाही ओ. २००७, मी डोंबिवली ते दादर. लेडीजमध्ये आमचा छान ग्रुप, भिशी, हळदीकुंकू, वाढदिवसाला गाडीतच ढोकळा. एके दिवशी धावत पळत फर्स्टक्लासच्या जनरल डब्यात घुसले आणि तिथे तो, इस्त्रीचा शर्ट, पेपरची घडी अगदी पाकिटाएवढी करून वाचणारा (गर्दीत पेपर असा घडी घालता येणं ही कला आहे, माझ्या मते लग्नासाठी तेवढी पात्रता पुरे). झालं, पगार साडेआठ हजार आणि मी फर्स्टचा तीन महिन्यांचा पास काढला. घरी सांगितलं सेकंडच्या गर्दीत गुदमरायला होतं. ग्रुपला सांगितलं शिफ्ट बदलली.

तो डोंबिवलीलाच चढायचा आणि उभा असायचा. आता उभ्या माणसासमोर उभं राहून काय होणार, तर मी पाऊण तास आधी उठून कल्याणला रिटर्न जायला लागले, म्हणजे तिथून बसून यायचं आणि तो येऊन बरोबर आपल्यासमोर उभा राहणार. तीन आठवडे त्याने पेपरवरून वर बघितलं नाही. मग एके दिवशी, दिव्याच्या पुढे असेल, तो वाकला. माझ्याकडेच. आणि म्हणाला, "कुठे?"

लोकलने जाणाऱ्यांना कळलं असेल, त्याला माझी सीट हवी होती, कुठे उतरणार एवढंच विचारत होता तो माणूस. दादर म्हणायचं ना सरळ! मी म्हणाले ठाणे. का म्हणाले मला आजतागायत कळलेलं नाही, त्याला बसायला मिळावं असं वाटलं असणार बहुतेक. आता ठाणे म्हटल्यावर ठाण्याला उठावं लागलं, आणि उठून तिथेच उभी राहिले तर वेडी दिसेन म्हणून उतरावंही लागलं. प्लॅटफॉर्मवरून मागे बघितलं तर तो खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. मागच्या गाडीने लोंबकळत गेले, ऑफिसात लेट मार्क. पासाचे दोन महिने शिल्लक होते म्हणून फर्स्टने जात राहिले, पण दुसऱ्या टोकाच्या डब्याने.

रेवाकाठ:
सगळे किस्से मस्त. टेकडीवरचा, तुमचा सिलिंडर वाचून जोरात हसले, त्यापुढची ओळ वाचून मात्र नाही हसू आलं. आमच्याकडे १९९७ ला असे फोन यायचे, उचलला की समोर नुसता श्वास. चार महिने. बाबा उचलायचे, हॅलो हॅलो करायचे, ठेवायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. एक अक्षर न बोलता. मला खरंच माहीत नव्हतं कोण आहे, अजूनही नाही माहीत. पण आधी फोनच्या डायलला ते छोटं पितळी कुलूप आलं, म्हणजे मी कुणाला लावू नये म्हणून, आणि फोन तर येतच राहिले कारण येणाऱ्या फोनला कुलूप कुठे असतं. मग संध्याकाळचा टायपिंगचा क्लास बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. घंटा वाजली की पोटात गोळा यायचा माझ्या. आता नको म्हटल्यावरही मागे लागणं हा २०१३ पासून गुन्हा आहे वगैरे ठीक आहे, पण मला तर नको म्हणायलाही कुणी समोर नव्हतं. धाग्याचा मूड घालवायचा नाहीये, फक्त रिसीव्हरच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी असतं एवढंच.

टेकडीवरचा:
ताई, काय लिहू. जवळजवळ तीस वर्षं हा किस्सा मी गटगला (गेट-टुगेदरला), पार्टीत, बायकोच्या माहेरीसुद्धा सांगत आलोय आणि तिच्या घरी काय झालं असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. सिलिंडरपर्यंतच सांगायला हवा होता असं म्हणणार होतो, पण तेही बरोबर नाही. सॉरी म्हणतो, ते चुकीच्या पत्त्यावर जातंय हे कळतंय.

सांगलीकडचा:
वातावरण जरा तंग झालंय म्हणून माझी राखी सांगतो. तालुक्याची शाळा, नववी ब. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी वर्गातल्या पोरी सगळ्या पोरांना राख्या बांधायच्या, त्यामुळे त्या दिवशी पोरांच्यात साथ आल्यासारखी सगळी आजारी. ३४ पैकी ९ हजर, आणि ते नऊ म्हणजे ज्यांना कोण आवडत नव्हतं किंवा ज्यांच्या घरचे मारकुटे होते. मी रात्री काखेत कांदा ठेवून झोपलो. सकाळी आई कपाळाला हात लावायला वाकली आणि म्हणाली ताप नाही, पण भज्याचा वास येतोय, ऊठ.

मग शेवटचा उपाय म्हणून उजव्या मनगटाला दादाचं क्रेप बँडेज कोपरापर्यंत गुंडाळून गेलो. बँडेजवर राखी कोण बांधतंय? ती ताट घेऊन आली, बँडेजकडे बघितलं, आणि इतक्या मायेने म्हणाली की दगडाला पाझर फुटावा, "लई दुखतंय काय रं? असू दे, डाव्या हाताला बांधते." मधे स्पंजचं पिवळंधमक फूल, बशीएवढं. वर ओवाळणी पण टाकायला लागली, खिशात होते ते पाच रुपये, जे तिलाच शाईपेन घ्यायला गणपतीपर्यंत साठवायचे ठरवले होते. सगळं बँडेज वाया, दादाने मारलं ते वेगळं.

अजून राखी येते तिची, पोस्टाने. डाव्या हातालाच बांध असं दरवर्षी चिठ्ठीत लिहिते, आणि दाजी फोन करून हसतात.

नेकारकाठचा:
ती पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जर्मन शिकते कळलं म्हणून मीपण सर्टिफिकेट कोर्सला नाव घातलं. पहिल्याच आठवड्यात समजलं की जर्मनमध्ये मुलगी हा शब्द नपुंसकलिंगी आहे, तिथेच थांबायला हवं होतं. दिवाळीनंतर तिने कोर्स सोडला, मी फी वसूल व्हायला पाहिजे म्हणून पूर्ण केला, मग डिप्लोमा केला. पुढे कंपनीत जर्मन येणारा एवढा एकच निघाला म्हणून मला इकडे श्टुटगार्टला पाठवलं, १४ वर्षं झाली. बायको नागपूरची आहे. तिला सगळं माहितीये, ती म्हणते त्या बाईला एकदा जेवायला बोलवू या.

लोकलवाली:
भाच्याचं काय झालं पुढे? बदाम चालू आहेत का?

टेकडीवरचा:
कालच ताईचा फोन होता. गेल्या सोमवारी त्या आजींनी काठी आडवी घालून याला थांबवला आणि विचारलं, "बाळ, सगळे तिकडून जातात, तू एकटा उलटा का पळतोस?" हा म्हणाला, "आजी, डॉक्टरांनी सांगितलंय." आजी म्हणाल्या कुठल्या, माझे पण गुडघे दुखतात. मग याने थाप सांभाळायला आजींचं सगळं दुखणं ऐकून घेतलं, त्यांची पिशवी धरून एक राउंड मारला, सुलट. बुधवारपासून ती मुलगी यायची बंद झाली, तिची सेमिस्टर सुरू आहे म्हणे. पण आजींनी याला हास्यक्लबात नेलंय. आता रोज सहाला सत्तरीच्या चौदा माणसांच्या गोलात उभा राहून हात वर करून हो हो हा हा हा करतो. सुटता येत नाही, कारण रोजची हजेरी आजी घेतात.