एनर्जी ऑडिटमध्ये करिअर: आधी परीक्षा की आधी ऑडिट फर्म?

चाकण_मेक
मेकॅनिकल बी.ई., चाकणला ऑटो पार्ट्सच्या प्लँटमध्ये मेंटेनन्सला, २ वर्षं झाली. कंप्रेसर, कूलिंग टॉवर, डीजी (डिझेल जनरेटर) माझ्याकडेच आहेत. एनर्जी ऑडिटमध्ये, म्हणजे ऊर्जा कुठे वाया जाते ते मोजून बचत सुचवण्याच्या कामात जायचंय. बीईईची (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी) परीक्षा आधी द्यावी की आधी एखादी फर्म धरावी? आणि तोवर हाताशी काय शिकून घ्यावं? सोलर सेल्सच्या ऑफर येतात, पण तिकडे ओढा नाही.

किलोवॅटतास
परीक्षेला पदवीनंतर ३ वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे एक वर्ष हातात आहेच. पहिले ३ पेपर सुटले की एनर्जी मॅनेजर, चौथाही काढला की ऑडिटर. चौथा ओपन बुक, आणि बरेच जण तिथेच आपटतात. बॉयलरची कार्यक्षमता इनडायरेक्ट पद्धतीने (एकेक तोटा मोजून १०० मधून वजा करत) घड्याळ लावून काढायचा सराव नसेल तर उघड्या पुस्तकात पानं शोधण्यातच वेळ जातो. मेकॅनिकलवाल्यांनी तिसरा, म्हणजे इलेक्ट्रिकलचा पेपर हलक्यात घेऊ नये.

एक घोळ नेहमी होतो. परीक्षा पास म्हणजे 'सर्टिफाइड'. मोठ्या डेझिग्नेटेड कन्झ्युमर (भरपूर ऊर्जा वापरणारे म्हणून सरकारने ठरवलेल्या) उद्योगांचं सक्तीचं ऑडिट मात्र 'अॅक्रेडिटेड' ऑडिटरच करतो, ती पायरी पुढची. तरी माझं मत फर्मच्या बाजूने. फाउंड्री, डेअरी, हॉटेलचा चिलर (पाणी गार करणारं यंत्र), सगळं बघायला मिळतं.

थर्मोवेल
फर्मबद्दल असहमत. फर्मवाला रिपोर्ट टाकून पुढच्या साइटवर जातो, शिफारस लागू झाली का, बचत खरंच दिसली का, हे त्याला क्वचितच कळतं. स्वतःचा कंप्रेसर ताब्यात असताना घाई कसली?

दाबलेल्या हवेची गळती मोजायला रविवारी सगळ्या मशीन बंद असताना कंप्रेसर चालू ठेवा. लोडची (हवा दाबतानाची) आणि अनलोडची (नुसता फिरतानाची) वेळ ८-१० सायकल मोजून सरासरी घ्या. लोड वेळ भागिले दोन्हींची बेरीज, ही गळती. समजा ४० सेकंद लोड, ८० सेकंद अनलोड, म्हणजे ३३ टक्के. मशीन ५०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), लोडवर ९० किलोवॅट. नवखा माणूस लगेच ३० किलोवॅट गुणिले ६,००० तास गुणिले ८ रुपये करून १४.४ लाखांची बचत लिहून मोकळा होतो. चूक दोन ठिकाणी. गळती शून्यावर येत नाही, १० टक्क्यांवर आली तरी भरपूर. आणि अनलोडवरही कंप्रेसर लोडच्या ३० टक्क्यांच्या आसपास पॉवर खातोच. म्हणजे ९० च्या २३ टक्के (३३ वजा १०), त्यातले ७० टक्के, साधारण १४.५ किलोवॅट. वर्षाला ७ लाख. मॅनेजमेंटसमोर हाच आकडा टिकतो, १४ वाला पहिल्या तिमाहीत उघडा पडतो.

सीटी_उलटी
दोघांचंही बरोबर, पण मुलाखत घ्यायला मी असतो तर मीटर हातात देऊन बघितलं असतं. पॉवर अॅनालायझरच्या ३ पैकी १ सीटी (वायरभोवती बसवायचा करंट मोजणारा क्लॅम्प) उलटी बसली तर समतोल लोडवर एकूण किलोवॅट एक तृतीयांशच दिसतात. स्क्रीनवर सगळं व्यवस्थित वाटतं, म्हणून प्रत्येक फेजचे किलोवॅट वेगळे बघायचे, एखादा उणे आला की समजायचं.

चिलरचं टीआर (टन रेफ्रिजरेशन, गार करण्याची क्षमता) काढताना प्रवाह (घनमीटर/तास) गुणिले तापमानातला फरक भागिले ३.०२४. फरक ३ अंशांचा आणि दोन थर्मामीटर एकमेकांपासून अर्ध्या अंशाने हटून असतील तर टीआर १७ टक्के चुकलं. दोन्ही प्रोब आधी एकाच बादलीत बुडवून फरक लिहून ठेवा. अल्ट्रासॉनिक फ्लोमीटर एल्बोला चिकटून लावू नका, आधी पाइपच्या व्यासाच्या १० पट आणि पुढे ५ पट लांबीचा सरळ पाइप हवा. जुन्या पाइपात आत क्षार साचलेले असतात, तिथे प्रवाह जास्तच दाखवतो.

आणि वीजबिल वाचायला शिका हो. महावितरणच्या एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएच बिलिंग आहे, म्हणजे पॉवर फॅक्टर खराब असला की युनिट वाढतात, आणि कपॅसिटर जास्त झाल्याने येणाऱ्या लीडिंग पॉवर फॅक्टरचाही फटका बसतो. रात्री लोड उतरल्यावर कपॅसिटर तसेच चालू ठेवणारे प्लँट कितीतरी आहेत.

चाकण_मेक
धन्यवाद, तूर्त प्लँटमध्येच राहतो. आमच्याकडे एक फिक्स्ड (एकाच वेगाचा) आणि एक व्हीएफडी (मागणीनुसार वेग बदलणारा) कंप्रेसर आहे. व्हीएफडीवर लोड-अनलोडची वेळ कशी मोजू?

थर्मोवेल
मोजू नका, तिथे ते गणित लागू पडत नाही. व्हीएफडी बंद ठेवून फिक्स्डवर चाचणी घ्या. फिक्स्ड दुरुस्तीला गेला असेल तर रिसीव्हर पद्धत: रिसीव्हर (हवेची टाकी) ७ बारपर्यंत भरून कंप्रेसर थांबवा, ६ बारवर यायला किती सेकंद लागतात ते बघा. रिसीव्हर आणि हेडर (हवेचा मुख्य पाइप) मिळून २ घनमीटर आणि वेळ ६० सेकंद असेल तर गळती मिनिटाला २ घनमीटर, म्हणजे ७० सीएफएम. हेडरचं आकारमान विसरलात तर गळती कमी दिसेल. ड्रायर-फिल्टरचे ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारे व्हॉल्व्ह) आधी तपासा, अडकून उघडा राहिलेला एक ड्रेनही बराच आकडा फुगवतो.