मदत हवी आहे: एकट्या राहणाऱ्या आत्यासाठी सेन्सर (कॅमेरा नको)

नेरुळ, सिडकोची जुनी इमारत, वन बीएचके. आत्या ७९ वर्षांची, एकटी. आम्ही घोडबंदर रोडला. कॅमेऱ्याला तिचा साफ नकार आहे. पडली तर कळावं, एवढंच हवंय. छताला लावायचा रडार घ्यावा की साधे मोशन सेन्सर? वाय-फाय आणि पाइप गॅस आहे.

तारयंत्र:
रडारपासून सुरुवात नको. मिलिमीटर-वेव्ह रडार बारीक हालचालही पकडतो, म्हणजे फिरता पंखा आणि हलता पडदासुद्धा. आपल्याकडे पंखा बारा महिने चालतो. खोटे अलार्म वाजत राहिले की आठवड्याभरात कुणीतरी ॲप म्यूट करतं, आणि मग सगळंच फुकट.

चार पीआयआर, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारे साधे मोशन सेन्सर घ्या: हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम. उंची साधारण दोन मीटर, कोपऱ्यात, चालण्याच्या वाटेला आडवे. समोरून येणाऱ्या माणसापेक्षा आडवा जाणारा त्यांना चटकन दिसतो. तोंड खिडकीकडे नको. अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातला फरक ते टिपतात. मे महिन्यात भिंत ३४-३५ अंशांवर गेली की दुपारी ते आंधळे होतात. म्हणून एका सेन्सरच्या भरवशावर नियम लिहू नका.

बाथरूमला दाराचा मॅग्नेट (दार उघडलं-लागलं ते कळवणारा सेन्सर) लावायचं सगळे सुचवतात. पण एकटं राहणारं माणूस दार लावतंच असं नाही. त्यापेक्षा नियम असा ठेवा: शेवटची हालचाल बाथरूममध्ये, नंतर ३० मिनिटं घरात कुठेच नाही, तर अलार्म. तिथला सेन्सर दाराच्या वर, शॉवरपासून लांब. गरम वाफेलाही तो हालचाल समजतो.

झिगबीचे (वाय-फायसारखंच, पण कमी विजेवर चालणारं वायरलेस) घेतलेत तर राउटर वाय-फाय चॅनल १ किंवा ६ वर आणि झिगबी २५ वर ठेवा. मधल्या भिंतीमुळे सिग्नल पडला तर एक झिगबी प्लग कायम चालू ठेवा, तो रिपीटरचं काम करतो. राउटर आणि हब (सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो डबा) दोन्ही छोट्या यूपीएसवर. गॅस सेन्सर छतापासून फूटभर खाली, कारण पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका. सिलिंडर असता तर जमिनीलगत लावला असता.

खाडीपल्याड:
यंत्रांचा सल्ला बरोबर आहे, पण तुम्हाला नेमकं काय दिसणार हे आत्यांना आधी सांगा. "रात्री किती वेळा उठलीस" हे भाचीला कळणं त्यांना चालेल का? डॉक्टरांना त्याचा उपयोग असतो, पण फॅमिली ग्रुपवर त्याचं काय काम? फोनवर फक्त "सकाळी आठपर्यंत हालचाल झाली/नाही" एवढंच येऊ द्या, नोंदी आठवड्याने पुसा. बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी हवं. पाहुणे आले की त्या बंद करतील, करू देत.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर वगळलाय. म्हणजे तुमच्यावर बंधन फक्त आत्यांच्या शब्दाचं. सर्व्हर कंपनीचा असेल तर कंपनीची गोष्ट वेगळी, म्हणून हब घरातच नोंदी ठेवणारा घ्या.

कामवाल्या बाईंनाही सांगा. शिवाय त्या केर काढत असताना सेन्सरला सगळं आलबेल वाटतं, तेव्हा आठची तपासणी त्या यायच्या आधीच होऊ द्या.

तारयंत्र:
हे माझ्याकडून राहिलं होतं. आणखी एक: पहिला फोन तुम्हाला नाही, शेजाऱ्यांना. ऐरोलीच्या ट्रॅफिकमधून तुम्ही पोचेपर्यंत तास जाईल.

धागाकर्ती:
शेजारच्या काकूंकडे किल्ली आहे. पण आत्या रात्री सेफ्टी डोअरला आतून कडी लावते, त्याशिवाय तिला झोप येत नाही.

तारयंत्र:
मग किल्लीचा उपयोग शून्य. दोन्ही दारांना नाइट लॅच बसवा: आतून बंद वाटतं, बाहेरून किल्लीने उघडतं. मात्र आतून खटका अडकवून ठेवायची सोय नसलेलं घ्या, नाहीतर पुन्हा तेच. बाथरूमची कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येणारं लॉक लावा. ही दोन कामं सेन्सरच्या आधी उरका.