मदत हवी आहे: पिकअपचा फोर बाय फोरचा लिव्हर डांबरीवर अडकतो, मागचे टायर नवे, पुढचे जुने, असं चालतं का?

मोरणाकाठ:

नमस्कार मंडळी,

आम्ही पाटण तालुक्यात मोरगिरीच्या वरच्या अंगाला राहतो. घरची गुरं आहेतच, शिवाय वरच्या वाड्यांचं दूध गोळा करून खाली संकलन केंद्रावर पोचवायचं काम आमच्याकडे आहे. वाडीपासून डांबरीपर्यंतचा रस्ता कच्चा, तांबड्या मातीचा. मध्ये एक ओढा आणि त्याच्या पुढे उभा चढ. पावसाळ्यात साधी पिकअप तिथं चढत नाही, म्हणून उन्हाळ्यात जुनी फोर बाय फोर पिकअप घेतली, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या आणि पुढच्या दोन्ही चाकांना देता येते अशी. गाडी माझे दीर चालवतात. मापं आणि हिशेब माझ्याकडे असल्याने मीही रोज सोबत असते.

अडचण अशी. चिखलात फोर-हाय (ताकद पुढे-मागे दोन्हीकडे) टाकलं की गाडी छान निघते. पण डांबरीला लागल्यावर लिव्हर परत टू-हायला (ताकद फक्त मागच्या चाकांना) येत नाही. जोर लावूनही जागचा हलत नाही आणि दिवा तसाच पेटलेला राहतो. तशीच गाडी मोरगिरीच्या वळणावर घातली की स्टिअरिंग जड होतं, पुढचं चाक डांबरावर कुरकुरत घासतं, आणि कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी आखडते. मग कधीतरी खाडकन आवाज येतो आणि सगळं मोकळं होतं. तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

गाडी घेतली त्या व्यवहारात मागचे दोन टायर नवे मिळाले. पुढचे जुने आहेत, वेगळ्या कंपनीचे. चौघांवर आकडा एकच आहे, २४५/७० आर १६. पुढच्यांची नक्षी बरीच झिजलीय, आणि बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक चिरा दिसतात. त्यावर एका लंबगोलात १४१७ असा आकडा आहे. ज्या गॅरेजला दाखवलं तिथं सांगितलं, 'चाकं फिरतायत ना, मग चालवा.' पंक्चरवाला प्रत्येक वेळी चारही चाकांत एकसारखी हवा भरतो, गाडी रिकामी असो की कॅननी भरलेली.

दुसरी काळजी दिरांच्या चालवण्याची. हात चांगला आहे त्यांचा, वर्षानुवर्षं टेम्पो चालवलाय. पण ही गाडी आल्यापासून 'फोर बाय फोर आहे, काही होत नाही' असं म्हणत उतारावरही वेग ठेवतात. कॅन भरलेले, खाली ओढा, सकाळी धुकं. मी सांगितलं तर ते मनावर घेत नाहीत. जाणकारांनी नीट कारणासकट लिहिलं तर हा धागाच त्यांना वाचून दाखवीन. लिव्हर का अडकतो, टायरचं काय करू, आणि त्या उतारावर गाडी कशी चालवायची, एवढं सांगा.

—

कराडचा मेकॅनिक:

ताई, गाडीत मोठा बिघाड असेल असं वाटत नाही. पण आहे तसंच चालवत राहिलात तर बिघाड नक्की होईल.

तुमच्या गाडीत जी पद्धत आहे तिला पार्ट-टाइम फोर बाय फोर म्हणतात. फोर-हाय टाकलं की ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारा गियरचा डबा, चाकांकडे ताकद नेणारे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडतो. दोघांना एकाच गतीने फिरावं लागतं. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चिखलात हा फरक चाक थोडं घसरून भरून काढतं, तुम्हाला कळतही नाही. कोरड्या डांबरीवर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गियरमध्ये साठतो. लिव्हर अडकतो तो या पिळामुळे. खाडकन आवाज म्हणजे तो पीळ एकदम सुटला. असं वारंवार झालं तर एक दिवस काहीतरी तुटणार, आणि ते स्वस्तातलं नसतं.

म्हणून फोर-हाय फक्त चिखल, वाळू, सैल मुरूम यासाठीच. डांबरीला लागायच्या आधी, कच्च्यावर असतानाच, गाडी सरळ रेषेत हळू चालत असताना टू-हायला आणा. तरीही अडकला तर जोर लावू नका. गाडी थांबवा, मागे कोणी नाही ना बघा, आणि सरळ काही मीटर रिव्हर्स घ्या. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर बोटाने येतो.

आता टायर. तुमचं अर्धं दुखणं तिथंच आहे. चौघांवर आकडा एक असला तरी ते टायर एका मापाचे राहिलेले नाहीत. नव्यावर समजा ८ मिलिमीटर नक्षी आहे आणि जुन्यावर ३ उरलीय. म्हणजे त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक, आणि चाकाच्या एका फेऱ्यात साधारण ३१ मिलिमीटरचा. हे चाक किलोमीटरला सव्वाचारशेच्या आसपास फेरे घेतं. ढोबळ हिशेबाने किलोमीटरमागे १३ मीटर झाले. म्हणजे वळण नसलं, अगदी सरळ रस्ता असला, तरी फोर-हायमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतच राहणार. साध्या गाडीत दोन नवे दोन जुने खपून जातं. इथं चारही एका कंपनीचे, एका नक्षीचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत.

१४१७ म्हणजे २०१७ सालातल्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर. त्यात बाजूला चिरा. नक्षी असती तरी मी ते काढायलाच सांगितलं असतं. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते, खाचेत त्या उंचीच्या बारीक आडव्या गाठी असतात, रबर तिथंवर आलं की टायर संपला. पण कोयनेकडच्या पावसात तिथंवर वाट बघू नये, पाणी बाहेर फेकायला खाचच उरत नाही.

—

मोरणाकाठ:

दादा, किती सोप्या भाषेत सांगितलंत. आज संध्याकाळी कच्चा रस्ता संपायच्या आधी लिव्हर टू-हायला आणून बघितला, सहज आला. दिरांनी स्वतःहून दोनदा करून पाहिलं. मागच्या टायरांच्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन टायर पुढे घालायचं ठरवतोय. कराडचा दुकानदार म्हणतो, खोल खाचांचे मड टायरच घ्या, चिखल आहे ना तुमच्याकडे. घ्यावेत का? आणि हवा किती ठेवू? चिखलात हवा कमी करतात असं ऐकलंय.

—

कराडचा मेकॅनिक:

मागे ऑल टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे, असतील (बाजूला एटी लिहिलेलं असतं) तर पुढेही तेच. मड टायर चिखलात भारी, पण ओल्या डांबरीवर त्यांची पकड कमी पडते आणि ब्रेकला गाडी लांब जाते. तुमची निम्मी वाट डांबरी आहे.

हवेचा आकडा मी सांगणार नाही, पंक्चरवाल्यानेही सांगू नये. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा तक्ता चिकटवलेला असतो, रिकाम्या गाडीचा आणि लोडचा आकडा वेगळा, मागच्या चाकांना लोडला जास्त. फिकट झाला असेल तर पुस्तकात बघा. हवा सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. एक साधा गेज घरात ठेवा. चालून आल्यावर आकडा चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो, तो बघून हवा सोडू नका. कमी हवेत लोड ओढला की टायरची बाजू सतत दुमडते, तापते आणि फुटते.

चिखलात हवा कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, खरं आहे. पण ते रिकाम्या गाडीला, अगदी हळू चालवताना, आणि डांबरीवर यायच्या आधी परत भरायला पंप जवळ असेल तर. रोज कॅन भरून जाणाऱ्या गाडीला ते करू नका.

नवे टायर बसले की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. चाकांची पुढे-मागे अदलाबदल आठ-दहा हजार किलोमीटरला.

—

चांदोलीच्या वाटेवर:

मी शिराळ्याकडचा, वारणेच्या काठावर पिकअप चालवतो. दिरांसाठी लिहितोय.

भाऊ, फोर बाय फोर गाडी पुढे ढकलायला असतं. थांबवायला त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. चिखलाच्या उतारावर तुमची गाडी आणि साधी गाडी सारखीच घसरणार, उलट तुमची जड आणि वर दुधाचं वजन. उतार सुरू व्हायच्या आधी गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करून फोर-लो (फोर बाय फोरचा कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गियर) टाका, पहिला किंवा दुसरा गियर, आणि पाय क्लचवरून काढा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक लागलाच तर हलका. चाकं अडकून घसरायला लागली तर ब्रेक आणखी दाबू नका, सोडा, चाक फिरू द्या, तरच स्टिअरिंग ऐकेल. न्यूट्रलमध्ये उतरवणं सोडूनच द्या.

चढावर मध्येच दम तुटला तर गाडी वळवायचा विचारही करू नका. उतारावर आडवी झालेली भरली गाडी कलंडते. रिव्हर्स गियर टाकून सरळ खाली या, पुन्हा प्रयत्न करा.

रुतलात तर रेस करत बसू नका, चाक स्वतःचा खड्डा खणतं. फोर बाय फोर म्हणजे चारही चाकं ओढतात असंही नाही. डिफरन्शियल (एका जोडीतल्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गियरचा गोळा) लॉक होत नसेल तर पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं जागेवर फिरत राहतात. जे चाक फिरतंय त्याच्यापुढचा चिखल फावड्याने काढा, दगड, पाचट, गोणपाट घाला आणि हळू निघा. मी एक फावडं आणि जॅकखाली घालायला फळी कायम ठेवतो. चिखलात फळीशिवाय जॅक टेकवला की तोच खाली जातो.

ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर चासीच्या हुकालाच बांधा, बंपरला किंवा पाट्याला नाही. मधोमध एक ओलं गोणपाट टाका आणि सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा लांब उभं करा. ताणलेला दोर किंवा उपटलेला हुक माणसाचा जीव घेतो.

ओढ्याचं तर ऐकाच. फुटभर वाहतं पाणी हलक्या गाडीला उचलतं, दोन फुटांना जड गाडीही तरंगून वाहून जाते. तळ दिसत नसेल तर दूध नासलं तरी चालेल, थांबा. पाणी ओलांडून आल्यावर थोडं पुढे जाऊन ब्रेक हलके दाबून वाळवा. डिफरन्शियलच्या तेलाचा रंग दुधट झाला असेल तर आत पाणी गेलंय, तेल लगेच बदला.

कॅन केबिनला टेकवून, दोरीने जखडून ठेवा, आणि कॅनवर कोणाला बसू देऊ नका.

—

मोरणाकाठ:

दिरांना पूर्ण वाचून दाखवलं. ओढ्यापाशी ते गप्प झाले, मग म्हणाले, पाणी चढलं की वरूनच फोन करायचा, दूध त्या दिवशी घरी घुसळायचं. वाड्यांनाही तसं सांगून ठेवलंय. उद्या कराडला जाऊन पुढचे दोन टायर घालतोय. स्टेपनी मात्र जुनीच, पुढच्यांच्याच वयाची. तिसरा टायर आत्ता परवडत नाही. वाटेत पंक्चर झालं तर ती लावून चालेल?

—

कराडचा मेकॅनिक:

चालेल, पण जमलं तर पुढच्या चाकाला. मागचं पंक्चर झालं असेल तर पुढचं नवं चाक मागे घ्या आणि स्टेपनी पुढे लावा. चाकं बदलताना सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. मग टू-हायमध्येच हळू पंक्चरवाल्यापर्यंत या, फोर-हाय टाकू नका. चिखलातच पंक्चर झालं आणि फोर-हायशिवाय निघतच नसेल तर तेवढ्यापुरतं टाकून बाहेर पडा. आणि पंक्चर टायरच्या बाजूला असेल तर ते काढून घेऊ नका, कोणी कितीही खात्री दिली तरी. बाजूचा टायर दुरुस्त होत नसतो. तिसरा टायर घ्याल तेव्हा तोही त्याच नक्षीचा घ्या, म्हणजे पाचही चाकं फिरवून वापरता येतील. उद्या दुकानात टायर गाडीला चढवायच्या आधी त्यावरचा चार आकडी नंबर तुम्ही स्वतः वाचा.