गाय व्याली, पण कासच भरली नाही. बाजरीमुळे असं होतं का?

पारनेरची_बाजरी: जर्सी संकर, तिसरं वेत. मागच्या वेताला एका वेळेला नऊ लिटर द्यायची. यंदा व्याली ती कास सैल घेऊनच. चीक जेमतेम वाटीभर निघाला. आठ दिवस झाले, दोन्ही वेळचं मिळून दोन लिटर होत नाही. वासराला पावडरीचं दूध पाजतोय. डॉक्टरांनी कासदाह तपासला, निघाला नाही. सूज नाही, ताप नाही, गाठी नाहीत. आई म्हणते दूध चोरते. अहो, चोरायला कासेत काही असावं तरी लागतं!
बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला होता. खुडणी झाल्यावर व्यायच्या आधी तीन आठवडे तिला त्याच रानात सोडली, फुटव्यांची कणसं खायला. चिकट म्हणून बाजूला काढलेली कणसंही मीच गव्हाणीत टाकली.

जुना_गडी: गोसावी पडला असेल बाजरीवर.

गुरांचा_दवाखाना: गोसावीत कणसाची पानं होतात, तो रोग वेगळा. चिकटपणा म्हणजे अरगट, कणसावरची बुरशी. आधी गुलाबी, मधासारखे थेंब येतात, मग दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठ धरते. त्या गाठीत अ‍ॅग्रोक्लॅव्हिनसारखी विषं असतात. ती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, दाबतात आणि ऐन व्यायच्या तोंडावर तेच कमी पडलं तर कास धरत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये ज्वारीवर अरगट आला, तेव्हा डुकरिणींचं आणि गायींचंही दूध आटलं होतं. तुमच्याकडे तेच झालंय हे इथे बसून छातीठोक सांगणार नाही, पण ते रान आजच बंद करा. घरात ठेवलेली बाजरी बघितली का?

पारनेरची_बाजरी: नाही. ती तर आम्हीच खातोय.

गुरांचा_दवाखाना: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा, त्यात थोडी बाजरी ओता. तरंगेल ते काढून जाळा, कोंबड्यांनाही टाकू नका. तळाची दोन-तीन पाण्यांनी धुऊन वाळवा. घरात कोणाला मळमळ, गुंगी?

पारनेरची_बाजरी: आत्ताच केलं. पाच किलोत मूठभर वर आलं. पोचट दाणे होतेच, पण मधे उंदराच्या लेंडीसारखे काळे तुकडे. बायको म्हणाली, हे मी निवडताना रोज फेकते, लेंड्या समजून. म्हणून आम्ही वाचलो. गाईला कोण निवडून घालणार होतं? आता कडबा आणि घास चालू केलाय. आज सकाळी सव्वा लिटर.