मदत हवी आहे: लेहला पोचल्यावर रुंबकची चढाई कितव्या दिवशी?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये मी आणि बहीण (वय 44 आणि 51) फोंड्याहून लडाखला जातोय, विमानाने थेट लेह. म्हणजे समुद्रसपाटीवरून एका दिवसात साधारण 3500 मीटरवर! मुक्काम तंबूत नको, म्हणून गाईड घेऊन झिंगचेन ते रुंबक (लेहजवळची डोंगरातली गावं) पायी आणि त्याच दिवशी परत असं ठरवलंय. रुंबक 4000 मीटरच्या आसपास.

सराव म्हणून दर रविवारी चंद्रेश्वराच्या पर्वतावर पाठीला पाच किलो घेऊन चढतोय. पाय तयार आहेत, पण गोव्याच्या दमट हवेत विरळ हवेचा सराव कसला होणार! एकूण सात दिवस हातात आहेत. पहिले दोन पूर्ण विश्रांती. बहिणीला सल्फाची ॲलर्जी असल्याने डॉक्टरांनी डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) नको सांगितलंय; रक्तदाब, दमा वगैरे काही नाही. त्यामुळे भिस्त सगळी सावकाश चढण्यावरच.

डायमॉक्स न घेता गेलेल्यांनी सांगावं: चौथ्या दिवशी रुंबक केलं तर घाई होईल का, की मध्ये एक छोटी चढाई करून पाचव्या दिवशी जावं? आणि गाईड इथूनच ठरवावा की लेहमध्ये समोरासमोर बोलून?