विकायचं घर: सगळ्या भिंती ऑफव्हाइट करायच्या का?

निळी_भिंत: घर विकायला काढलंय. हॉलची एक भिंत गडद निळी आहे, मुलीची खोली लिंबू पिवळी, बाकी पांढरं. एजंट म्हणतो सगळं ऑफव्हाइट करा, मगच फोटो टाकू. मला पटत नाहीये. घेणारा आला की त्याच्या आवडीचा रंग लावणारच ना, मग मी कशाला खर्च करू? आणि सगळं एकसारखं पांढरं केलं की घर हॉस्पिटलसारखं दिसतं.

रंगकाम_करणारा: एजंटचं ऐका. गडद रंग उजेड खातो. शेडकार्डवर बऱ्याचदा एलआरव्ही म्हणून आकडा असतो, ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा आणि १०० म्हणजे सगळा परत देणारा. गडद निळा १० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली, ऑफव्हाइट ७० च्या वर. खिडकी तीच, बल्ब तोच, पण खोली लहान वाटते. शिवाय निळ्यावर फिकट रंग चढवायचा तर प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतात, हे घेणाऱ्यालाही कळतं आणि भाव करताना तो ते धरतोच.

नुकतंच_घेतलं: मी उलट सांगेन, रंगवू नका. घर शोधताना नवाकोरा रंग दिसला की मला आधी ओलीची शंका यायची. एका घरात रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि खिडकीखाली भिंत जराशी फुगलेली, नख लावलं तर पापुद्रा सुटला आणि आत भुरभुरीत पांढरा क्षार. तिथून सरळ बाहेर पडलो. शेवटी जे घेतलं त्याचा रंग जुना होता, स्विचबोर्डच्या कडेने आधीचा पिस्ता डोकावत होता, पण भिंती कोरड्या होत्या हे दिसत तरी होतं.

रंगकाम_करणारा: हा ओल झाकणाऱ्याचा दोष झाला, रंगाचा नाही. आधी पाणी कुठून येतंय ते बंद करायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची, खरवडायची, मग पुट्टी-प्रायमर. ते न करता वरून रंग मारणं म्हणजे फसवणूकच, आणि ओल परत वर येतेच.

शेड_बघून: ऑफव्हाइट म्हणजे एकच रंग असं धरून चाललात तर फसाल. कुणात पिवळी झाक असते, कुणात गुलाबी, कुणात करडी. जिथे थेट ऊन येत नाही तिथे करड्या झाकेचा पांढरा मळकट दिसतो. दोन बाय दोन फुटांचा पट्टा दोन वेगळ्या भिंतींवर लावा, वाळू द्या आणि सकाळी एकदा, रात्री दिवे लावून एकदा बघा. आणि प्लीज ग्लॉसी नको, बाजूने उजेड पडला की पुट्टीची प्रत्येक लाट दिसते, मॅट त्यातलं बरंच सामावून घेतो.

निळी_भिंत: काल मोबाइलवर पिवळ्या खोलीचे फोटो काढले. छत पिवळं, पांढरी चादर पिवळी, कपाटाचं दारसुद्धा पिवळट. ती खोली रंगवतेच. निळी मात्र ठेवणार, समोर मोठी खिडकी आहे आणि ती भिंत बघून थबकलेली माणसं मी पाहिलीयेत.

रंगकाम_करणारा: थबकलेले सगळे पाहुणे होते ताई, घेणारे नव्हते. मी तरी ती आधी झाकेन.

नुकतंच_घेतलं: मी असतो तर त्या निळ्या भिंतीसमोर जास्त वेळ उभा राहिलो असतो. ठेवा.